पैरा

घटस्थापना तोंडावर आली होती आणि मंगलच्या रानातली रताळी अजून मातीतच होती. उपवासाच्या दिवसांत रताळ्याला मागणी असते. दसरा झाला की तोच माल पडून राहतो. त्यात यंदा पाऊस हटायला तयार नव्हता. सकाळी ऊन पडायचं आणि दुपारनंतर पश्चिमेकडनं काळं भरून यायचं. तांबडी माती वरनं सुकलेली दिसे, पण कुदळ घातली की आत चिकट लागे. उचगावच्या आसपासच्या सगळ्याच गावांत हीच घाई चालली होती, त्यामुळं मजुरीला बाई मिळत नव्हती.

मंगलचा नवरा भावकू बेळगावात फौंड्रीत कामाला होता. त्याला सुट्टी मिळत नव्हती. राहता राहिल्या मंगल आणि आठवीतली सौम्या. शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली होती तेवढंच बरं. दोघींनी शेजारच्या नागुबाईशी पैरा धरला होता. एक दिवस ह्यांनी नागुबाईच्या रानात राबायचं, दुसऱ्या दिवशी नागुबाईनं सुनेला घेऊन ह्यांच्यात यायचं. पैशाची बात नाही.

त्या दिवशी मायलेकी नुसते वेल कापत होत्या. सौम्या वाकून विळा चालवत होती आणि कापलेल्या वेलांचे भारे म्हशीसाठी बांधाला टाकत होती. वेलाच्या चिकानं तिचे हात काळे पडले होते.

"सौम्या!"

बांधावर ऋतिका उभी होती. गिअरची सायकल तिनं गवतात आडवी टाकली होती. पायात पांढरे बूट. रानात उतरावं की नको, असं करत ती तिथंच थांबली.

"रविवारी येतीस न्हवं?" ती म्हणाली. "माझा वाढदिवस हाय. पप्पा वॉटर पार्कला नेणार हाईत. कुणाला सांगितलं नाही मी, फक्त आपण दोघीच. तुला ड्रेस पण घेतलाय. माझ्यासारखाच, सेम."

सौम्यानं कपाळावरचा घाम दंडानं पुसला.

"रविवारी आमची रताळी काढायची हाईत."

"शनिवारी काढा की."

"शनिवारी नागुआज्जीकडं जायचं हाय."

"एक दिवस नाही गेलीस तर काय होतंय?"

"मग ती आमच्याकडं कशी येईल?" सौम्या म्हणाली आणि पुन्हा वाकली.

ऋतिका थोडा वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. मग मंगलला म्हणाली, "काकी, मी पप्पांना सांगून बायका लावू काय? पैसे आम्ही देतो."

मंगलचा विळा थांबला.

"नगं बाई," ती म्हणाली. "आमचं आमी काढतो. तू घरला जा, ऊन लागंल."

ऋतिका परशरामची एकुलती एक. परशरामनं गावाच्या अंगाची वडिलोपार्जित जमीन प्लॉट पाडून विकली, त्या पैशातनं दुसऱ्यांची घेतली, तिचेही प्लॉट पाडले. आता पिरनवाडीला त्याचं ऑफिस होतं, दारात दोन गाड्या आणि एक ट्रॅक्टर होता. पाचवीपर्यंत ऋतिका गावच्या मराठी शाळेत सौम्याच्या शेजारी बसायची. एकाच डब्यात जेवायच्या, एकीला मारलं की दुसरी रडायची. मग बंगला झाला आणि तिला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं.

तिथं ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांना खाऊ घालायची. सामोसे यायचे, कोल्ड्रिंक यायचं, पोरी भोवती गोळा व्हायच्या. पण सहलीला बस निघाली तेव्हा तिच्या शेजारची सीट मोकळी राहिली. पुढच्या सीटवरच्या पोरी मागं वळून तिच्या बोलण्याची नक्कल करत हसल्या. त्यांच्यातल्याच एकीला तिनं आदल्या आठवड्यात हेडफोन दिला होता. ही गोष्ट ऋतिकानं घरी सांगितली नव्हती. सांगितली असती तर आईनं आणखी काहीतरी घेऊन दिलं असतं.

म्हणून यंदाच्या वाढदिवसाला तिला एकटी सौम्याच हवी होती.

शनिवारी सकाळी शामू ट्रॅक्टर घेऊन परशरामच्या नव्या प्लॉटांच्या लेआउटकडं निघाला होता. शामू परशरामचा ड्रायव्हर. पल्टी नांगर मागं लावलेला. ऋतिकानं त्याला वाटेतच गाठलं.

"शामूमामा, भावकूकाकांचं रान नांगरायचं हाय. रताळी वर काढायची. पप्पांनी सांगितलंय."

"मला काय बोलले न्हाईत मालक."

"मला सांगितलंय. ते बेळगावला गेलेत."

शामूनं डोकं खाजवलं. "रताळ्यात नांगर? भावकूआण्णाला ठावं हाय न्हवं?"

"व्हय. त्यांनीच पप्पांना फोन केलता." असं म्हणत तिनं खिशातली नोट त्याच्या हातात कोंबली. वाढदिवसाचे म्हणून तिच्या सख्ख्या मामानं पाठवलेले पैसे होते ते. शामूनं नोटेकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि गिअर टाकला.

मंगल आणि सौम्या ओढ्यापलीकडं नागुबाईच्या रानात होत्या. इकडं कुणी नव्हतं. ट्रॅक्टर वरंब्यांवरनं खाली-वर करत गेला आणि माती लाटेसारखी उलटी होत गेली. तांबूस रताळी वर येऊन पडू लागली. ऋतिका बांधावर उभी राहून बघत होती आणि तिला इतका आनंद झाला होता, की तिनं एकटीनंच टाळ्या वाजवल्या. चौघी वाकून वाकून अख्खा रविवार जे करणार होत्या, ते जेवायच्या वेळेच्या आत होत आलं. आता नुसतं वेचायचं राहिलं. उद्या सौम्या मोकळी.

काही रताळी पांढरी दिसत होती. मधोमध कापली गेलेली, कापल्या जागी दुधासारखा चीक साचलेला. काढताना थोडी कापायचीच, असं तिला वाटलं.

शामूला मात्र ते दिसत होतं. त्यानं दोनदा ट्रॅक्टर थांबवून मागं वळून बघितलं. "लई कापाय लागलीत गं," तो ओरडला. पण इंजिनच्या आवाजात ऋतिकाला ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा विचारायला तो खाली उतरला नाही.

दुपारनंतर पाऊस आला. रोजच्यासारखा भुरभुर नाही, चांगला तासभर कोसळला. उघडी पडलेली रताळी चिखलात लडबडली, कापलेल्या तोंडांत माती भरली. उलटलेल्या सऱ्यांमधून लाल पाणी वाहू लागलं.

पाऊस थांबल्यावर मायलेकी परतल्या. मंगलच्या डोक्यावर पोत्याची खोळ होती. बांधावर पाय ठेवला आणि ती थांबली. तिला आधी वाटलं आपण वाट चुकलो. मग ती खाली बसली. खोळ डोक्यावर तशीच. सौम्या रानात धावली आणि एक एक रताळं उचलून बघू लागली. अर्धं, अर्धं, कापलेलं, चिरलेलं, एक धड, पुन्हा अर्धं.

"आई, कुणी केलं गं हे?"

मंगलनं समोर बोट केलं. चिखलात चाकांच्या जाड नक्ष्या उमटल्या होत्या. त्या लेआउटच्या दिशेनं गेल्या होत्या.

गावात त्या चाकांचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागला नाही. परशरामच्या लेआउटला रस्ता पाहिजे होता आणि तो भावकूच्या रानातनंच निघत होता. उन्हाळ्यापास्नं त्यानं दोनदा विचारलं होतं, भावकूनं दोनदा नाही म्हटलं होतं. आता ट्रॅक्टरच घातला, असं जो तो बोलू लागला. भावकू शिफ्ट संपवून आला तो तसाच, फौंड्रीची काळी पूड मानेवर घेऊन, परशरामच्या दारात गेला. मागनं मंगल, सौम्या, नागुबाई, आणखी चार माणसं.

"परशराम, भाईर ये!"

परशराम नुकताच आला होता. हातात गाडीची किल्ली होती.

"काय आण्णा, काय झालं?"

"काय झालं इचारतोस? विकत मिळंना म्हणून नांगर घालतोस व्हय माझ्या रानात?"

"कुणी घातला नांगर?"

"तुझा ट्रॅक्टर हाय गा! सगळ्या गावाला चाकं ओळखू येत्यात!"

परशरामनं शामूला हाक मारली. शामू शेडमधनं आला, टोपी हातात घेऊन. ऋतिका वरच्या गॅलरीत होती. तिच्या हातात सौम्याचा ड्रेस होता, कागदात गुंडाळलेला. द्यायला म्हणून ती खालीच निघाली होती. खालचा आवाज ऐकून ती तिथंच खिळली.

"तुला कुणी सांगितलं रं भावकूआण्णाच्या रानात जायला?" परशराम गरजला.

शामूनं एकदा वर बघितलं. मग मान खाली घातली. "चुकलं मालक."

"चुकलं म्हंजे? पैसे कुणाकडनं खाल्लास? माझं नाव खराब करायला कुणी पाठवलं तुला? किल्ली ठेव आणि चालता हो. उद्यापास्नं तोंड दाखवू नकोस."

शामू किल्ली काढायला खिशात हात घालू लागला. किल्लीबरोबर सकाळची नोटही बाहेर आली आणि ओल्या फरशीवर पडली.

"पप्पा!" ऋतिका जिन्यावरनं खाली आली. "मी सांगितलं त्यांना. तुम्ही सांगितलंय म्हणून मी खोटं बोलले. ते पैसे पण मीच दिलते."

प्रियदर्शनी, ऋतिकाची आई, दारातनं म्हणाली, "अगं, असं का बोलतीस? कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही शिकवलं. रताळी लवकर निघाली की सौम्या उद्या येईल म्हणून केलं." आणि मग ती रडू लागली.

भावकूचा राग जागच्या जागी थांबला. तो एका बापाशी भांडायला आला होता. समोर त्याच्या पोरीएवढी पोर उभी होती. परशरामच्या तोंडावरचा रंग बदलला. त्यानं हळूच खिशातनं पाकीट काढलं.

"आण्णा, पोर हाय. अक्कल न्हाय. जेवढं नुकसान झालंय त्याच्या दुप्पट घे. मिटवून टाकू."

"दुप्पट कशाला?" भावकू म्हणाला. "गेलेल्या मालाचं घेईन मी, ते सोडणार न्हाय. उद्या चार माणसं बसून ठरवतील. पण दुप्पट घेतलं की परवा तू रस्ता मागशील."

परशरामनं पाकीट तसंच हातात धरलं.

ऋतिका सौम्याजवळ गेली. ड्रेसचा पुडा तिनं अजून छातीशी धरला होता.

"मी मुद्दाम नाही केलं गं."

सौम्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते. ती ऋतिकाकडं बघत राहिली.

"मी यावं म्हणून आमचं रान नांगरलीस?"

"तू मोकळी व्हावीस म्हणून."

"मला इचारलंस?"

ऋतिकानं पुडा पुढं केला. तिला दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. सौम्यानं पुड्याकडं बघितलं, दोन पावलं मागं सरली आणि आईचा हात धरून निघून गेली.

रविवारी चार माणसांनी रान बघून भरपाई ठरवली, तोवर मंगलनं मालाला हात लावला नाही. वॉटर पार्क झालं नाही. दुपारी केक आला. नातेवाईक आले, फोटो काढले गेले, आणि ऋतिका प्रत्येक फोटोत खाली बघत होती. शामूला परशरामनं कामावर ठेवलं, पण त्या दिवसापासून शामू तिच्याशी 'व्हय बाई', 'न्हाय बाई' असंच बोलू लागला. पूर्वी तो तिला चिमणे म्हणायचा.

सोमवारी सकाळी ती घरात कुणाला न सांगता रानात गेली. चालत. मंगल, सौम्या, नागुबाई आणि तिची सून चौघी एका रांगेत बसून चिखलातनं रताळी उचलत होत्या. धड माल एकीकडं, कापलेला एकीकडं. कापलेल्याचा ढीग मोठा होता. त्याला वास सुटला होता आणि माश्या घोंगावत होत्या.

"काकी, मी येऊ?"

मंगलनं मान वर केली. डोळे सुजलेले होते.

"घरात इचारून आलीस?"

"नाही."

"मग जा."

ऋतिका गेली नाही. रांगेच्या शेवटाला, नागुबाईच्या सुनेपासून थोडं लांब बसली आणि मातीत हात घातला. मंगलनं दुसऱ्यांदा जा म्हटलं नाही. कामाचं माणूस कमी होतं आणि पश्चिमेला पुन्हा काळं दिसत होतं.

सकाळभर तिच्याशी कुणी बोललं नाही. माती नखांत शिरली. बसून पुढं सरकायचं तिला जमेना, गुडघे भरून आले. रताळ्याला चिकटलेला चिखल अंगठ्यानं काढताना साल निघायची. साल निघालेला माल टिकत नाही, म्हणून नागुबाईची सून तिनं ठेवलेली रताळी पुन्हा उचलून दुसऱ्या ढिगात टाकत होती. न रागावता, नुसती टाकत होती. ऋतिकाला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी प्रियदर्शनी गाडी घेऊन बांधापर्यंत आली. काच खाली करून तिनं हाक मारली. "ऋतिका, चल. बास झालं. लोक काय म्हणतील, परशरामची पोरगी मजुरीला जाते?" रांगेतल्या बायकांचे हात थांबले. ऋतिका उठली नाही. "संध्याकाळी येते," ती म्हणाली. गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग मागं मागं जात रस्त्याला लागली.

जेवायला चौघी आंब्याच्या सावलीला बसल्या. ऋतिकानं डबा आणला नव्हता. ती रानातच बसून राहिली. थोड्या वेळानं नागुबाई भाकरीवर झुणका घालून घेऊन आली आणि तिच्या हातात ठेवून गेली. सौम्या तिकडं पाठ करून जेवत होती.

दिवस कलला तेव्हा धड माल पोत्यांत भरून झाला. मंगलनं लुगड्याच्या ओच्यातनं पिशवी काढली, तिच्यातनं एक नोट घेतली आणि ऋतिकासमोर आली.

"घे. तुझी मजुरी."

ऋतिकाला आधी कळलंच नाही. "मला? मला नको काकी."

"घे. राबलीस दिवसभर. आमी कुणाचं फुकट ठेवून घेत न्हाय."

"नागुआज्जींना कुठं देताय?"

"त्यांचा पैरा हाय."

"मग माझा पण पैरा धरा." ऋतिका भराभरा बोलली. "मी उद्या पण येते. परवा पण येते."

नागुबाईला हसू आलं. "आणि आमी तुमच्यात येऊन काय काढायचं गं? फरशी?"

तिची सूनही हसली. मंगल हसली नाही. ती समजावल्यासारखी म्हणाली, "पोरी, आज तू आमच्यात, उद्या आमी तुमच्यात, ह्याला पैरा म्हणत्यात. तुमच्यात रान कुठं राहिलंय? तुमाला आमची गरज कुठं पडती?"

ऋतिकाच्या घरी झोपाळा होता, मोठा टीव्ही होता, फ्रिजभर आइस्क्रीम होतं. इतकी वर्षं सौम्याला तिनं काहीतरी बघायला बोलावलं होतं, नाहीतर खायला, नाहीतर घ्यायला. तू मला लागतीस म्हणून ये, असं एकदाही म्हटलं नव्हतं. मंगलचा हात तसाच पुढं होता.

"मला कन्नड येत न्हाय," ऋतिका म्हणाली.

"काय?"

"शाळेत कन्नड हाय. मी नापास झालेय दोनदा. घरात सांगितलं न्हाय. मॅडम वाचायला उभी करत्यात आणि सगळ्या हसत्यात." बोलता बोलता तिचं नाक वाहू लागलं. पुसायला गेली तर चिखल गालावर आला. "सौम्याला चांगलं येतंय. ती फाडफाड बोलती. मी इथं राबते. तिनं मला शिकवायचं."

मंगलनं सौम्याकडं बघितलं. "काय गं?"

सौम्या पोत्याचं तोंड दाभणानं शिवत होती. तिनं मान वर केली नाही. सुतळी ओढली, गाठ मारली, दातानं तोडली.

"शिकवलं की काहीतरी आणून देशील," ती म्हणाली. दोन दिवसांत ती ऋतिकाशी पहिल्यांदाच बोलली होती. "पेन, न्हायतर चप्पल, न्हायतर ड्रेस."

"न्हाय देणार."

"तुला ऱ्हावणार न्हाय."

"काही देणार न्हाय. खरंच."

दाभण पदरासारख्या बांधलेल्या ओढणीत खोचून सौम्या दुसऱ्या पोत्याकडं गेली. मंगलनं नोट ऋतिकाच्या हातात घातली आणि मूठ मिटवली.

"आज तू मजुरीवर आलतीस. आजचं घे." आणि मग जरा थांबून म्हणाली, "उद्याचं तुमी दोघी ठरवा."

ऋतिकानं ती नोट घेतली. आयुष्यात तिनं पुष्कळ पैसे हातात धरले होते, पण हे नको असताना घ्यावे लागले होते. रस्त्यावर टेंपोचा हॉर्न वाजला. माल अंधाराच्या आत भरायचा होता. नागुबाई आणि सुनेनं एक पोतं उचललं. सौम्यानं दुसऱ्याचं एक टोक धरलं आणि मंगलची वाट बघत उभी राहिली. मंगल पाणी प्यायला बांधाकडं गेली होती.

ऋतिकानं दुसरं टोक धरलं. तळहातावरचा फोड फुटला. सौम्यानं तिच्याकडं बघितलं, टोक सोडलं नाही.

"वंदू," ती म्हणाली.

कन्नडमधलं एक, ऋतिकाला कळलं. "वंदू," ती म्हणाली.

"एरडू."

"एरडू."

"मूरू," सौम्या म्हणाली, आणि दोघींनी पोतं उचललं.